निष्कास प्रणाली, मालमोटारीची

मालमोटारीच्या एंजिनात इंधन जळून तयार झालेले तप्त वायू सिलिंडरांतून गोळा करून, त्यांचा आवाज व उपद्रव शक्य तेवढा कमी करून, चालकापासून दूर हवेत सोडणाऱ्या नळ्यांच्या व साधनांच्या जोडणीस निष्कास प्रणाली म्हणतात. सर्व सिलिंडरांच्या निष्कास छिद्रांना जोडलेली शाखानळी, तेथून वाहनाच्या सांगाड्याखालून जाणारी मुख्य नळी, बोलभाषेत ज्याला सायलेन्सर म्हणतात तो ध्वनिशामक आणि शेवटची पुच्छनळी हे तिचे जुने व परिचित भाग होत. अलीकडच्या वाहनांत यांच्या जोडीला टर्बोचार्जर, काजळी अडविणारा गाळक व उत्प्रेरकी कक्षही असतात. या भागांत फेरफार केल्याने एंजिनाची शक्ती वाढते, असा समज चालकांत व दुरुस्ती करणाऱ्यांत सर्वत्र आढळतो. फेरफाराने आवाज बदलतो याविषयी शंका नाही. शक्तीविषयीचा समज मात्र एंजिनाच्या प्रकारानुसार थोडा खरा व पुष्कळसा अतिशयोक्त आहे. आवाज व शक्ती या दोहोंचा संबंध एकाच घटनेशी असल्यामुळे हा घोटाळा होतो. ती घटना म्हणजे निष्कास झडप उघडताच नळीत शिरणारा दाबाचा धक्का.

दाबस्पंद : चार धावी एंजिनात शक्तिधाव पुरी होण्यापूर्वीच, म्हणजे दट्ट्या तळबिंदूस पोहोचण्याच्या आधी भुजादंडाच्या सु. ४०° ते ६०° कोनावर निष्कास झडप उघडते [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. त्या क्षणी सिलिंडरातील दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट असतो. झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांचे गुणोत्तर सु. १.९ पेक्षा अधिक असेपर्यंत तिच्या अरुंद फटीतून वायू तेथील ध्वनिवेगाने निसटत राहतो. अशा रीतीने वायूचा मोठा भाग दट्ट्याने ढकलण्यापूर्वीच आपल्या दाबाने बाहेर पडतो आणि राहिलेला भाग निष्कास धावेत दट्ट्याला रेटून काढावा लागतो. पहिल्या भागामुळे नळीत दाबाचा तीव्र स्पंद निर्माण होतो व तो तरंगरूपाने पुढे जातो. तप्त वायूत ध्वनीचा वेग साध्या हवेतल्यापेक्षा बराच जास्त असतो, ५५०° से. तापमानास तो सेकंदाला सु. ५७५ मी. भरतो.

सहा सिलिंडरांच्या चार धावी एंजिनात भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यात असे तीन स्पंद उमटतात. म्हणून मिनिटाला २,००० फेरे होत असताना त्यांची कंप्रता १०० हर्ट्‌झ असते आणि ६०० फेऱ्यांच्या मंद गतीत ती ३० हर्ट्‌झ होते. उभ्या असलेल्या मालमोटारीचे गुरगुरणे कानापेक्षा छातीला व खिडकीच्या तावदानांना अधिक जाणवते ते यामुळेच. या मूळ कंप्रतेच्या पटीतील अनेक उच्च कंप्रता तिच्यासोबत असतात आणि झडपेच्या फटीतून वेगाने निसटणाऱ्या वायूचा खरखरीत फूत्कार त्यांत मिसळतो. ध्वनिशामक काढून टाकला म्हणजे हे सर्व एकदम ऐकू येऊ लागते. तो आवाज कितीही मोठा वाटला, तरी त्यातील ध्वनिऊर्जा थोडक्या वॉटांत मोजावी लागते. एंजिनाची शक्ती मात्र हजारो वॉटांत असते. आवाज अडविल्याने शक्ती अडते, ही कल्पना म्हणूनच चुकीची आहे.

प्रतिदाब व शक्ती : ध्वनिशामकाचा दोष आवाज अडविण्यात नसून वायूचा प्रवाह अडविण्यात असतो. नळ्या, वळणे व ध्वनिशामकातील पडदे यांतून वायू पुढे जाण्यासाठी एंजिनाजवळचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा थोडा जास्त असावा लागतो. या जादा दाबाला प्रतिदाब म्हणतात व निष्कास धावेत त्याविरुद्ध दट्ट्याला काम करावे लागते. हे काम किती, ते साध्या हिशोबाने काढता येते. भारतीय रस्त्यांवर दीर्घ काळ धावलेल्या मध्यम मालमोटारींत असे तशा, सु. ५.७ लि. विस्थापनाचे, सहा सिलिंडरांचे व टर्बोचार्जर नसलेले डीझेल एंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी चालत आहे व प्रतिदाब १० किलोपास्कल (पाऱ्याच्या सु. ७.५ सेंमी. स्तंभाइतका) आहे, असे समजू. दर सेकंदाला असे एंजिन आपल्या विस्थापनाएवढे वायू २० वेळा बाहेर ढकलते. म्हणून प्रतिदाबापायी खर्च होणारी शक्ती सु. १.१ किलोवॉट, म्हणजे दीड अश्वशक्ती एवढी येते. अशा एंजिनाची एकूण शक्ती ११० अश्वशक्तीच्या आसपास असते. सिलिंडरात थोडे अधिक जळके वायू शिल्लक राहिल्याने ताज्या हवेत होणारी घट जमेस धरली, तरी एकूण तोटा दोन टक्क्यांच्या घरात राहतो. ध्वनिशामक पूर्णपणे काढून टाकला, तरी याहून अधिक मिळकत होणे शक्य नाही. कारण नळी कितीही मोकळी केली, तरी प्रतिदाब शून्य होत नसतो.

तरीही ध्वनिशामक बदलल्यावर गाडी चढावर पूर्वीपेक्षा चांगली ओढते, असा अनुभव पुष्कळ चालक सांगतात व तो खोटा नसतो. जुन्या ध्वनिशामकात काजळी साचते, आतले पडदे गंजून आडवे पडतात, नळीला दगड लागून चेप येतो. मग प्रतिदाब मूळच्या कित्येक पट होतो, एंजिन धूर ओकू लागते व शक्ती खरोखरच घटते. अशा वेळी नवा ध्वनिशामक बसविल्याने गेलेली शक्ती परत येते. ती कोणत्याही चांगल्या ध्वनिशामकाने आली असती. श्रेय मात्र नव्या, मोठ्या आवाजाच्या नमुन्याला मिळते.

प्रतिदाब कमी करण्याचा आवाज न वाढविणारा मार्ग म्हणजे नळीचा व्यास वाढविणे. ठराविक प्रवाहासाठी घर्षणाने होणारी दाबातील घट व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून ७५ मिमी. ऐवजी १०० मिमी. व्यासाची नळी घातल्यास सरळ भागातील घट चौथाईपेक्षाही कमी होते. तीक्ष्ण कोपऱ्यांऐवजी मोठ्या त्रिज्येची वळणे दिल्यानेही बराच फायदा होतो. याउलट, एंजिनाला थोडा प्रतिदाब हवाच असतो, असेही एक मत गॅरेजांतून ऐकू येते. ते शब्दशः खरे नाही. फार रुंद नळी घातल्यावर कमी वेगात ओढ घटल्याचा अनुभव या मताच्या मुळाशी आहे. पण तेथे उणीव प्रतिदाबाची नसते, तर नळीतील वायूचा वेग व तरंगांचा मेळ बिघडलेला असतो.

नळीच्या लांबीचा परिणाम : दाबाचा स्पंद नळीच्या उघड्या तोंडाशी किंवा ती एकदम रुंद होते त्या जागी पोहोचला की, त्याचे परावर्तन होते आणि परतणारा तरंग विरळ दाबाचा असतो. निष्कास धावेच्या अखेरीस, निष्कास व प्रवेश या दोन्ही झडपा थोडा वेळ एकदम उघड्या असताना, हा विरळ तरंग झडपेपाशी येऊन पोहोचल्यास तो उरलेले जळके वायू ओढून काढतो व ताज्या हवेला आत येण्यास मदत करतो. शर्यतीच्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरास ठराविक लांबीची स्वतंत्र नळी देतात ती यासाठी. या युक्तीने खरोखर शक्ती मिळते, पण ती वेगाच्या एका मर्यादित पट्ट्यातच. दुसऱ्या एखाद्या वेगाला त्याच नळीत दाबाचा तरंग नको त्या क्षणी परततो आणि तेथे शक्ती घटते. म्हणजे लांबीच्या जुळणीने शक्ती बरीचशी एका वेगाकडून दुसऱ्या वेगाकडे सरकविली जाते.

मालमोटारीच्या संथ डीझेल एंजिनात या तत्त्वाचा उपयोग करणे अवघड असते. मिनिटाला २,४०० फेरे होत असताना निष्कास झडप उघडल्यापासून दोन्ही झडपा उघड्या असण्याच्या क्षणापर्यंत सु. १६ मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात तरंग सु. ९ मी. अंतर कापतो, म्हणजे जाऊन-येऊन जुळणी साधण्यासाठी प्रत्येक सिलिंडराची नळी चार मीटरांहून लांब हवी. अशा सहा नळ्या मालमोटारीच्या सांगाड्यात बसविणे व्यवहार्य नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लोकप्रिय असलेल्या पेट्रोलवरील हलक्या मालमोटारींची (पिकप गाड्यांची) गोष्ट निराळी आहे. त्यांतील व्ही आकाराचे आठ सिलिंडरांचे एंजिन अधिक वेगाने फिरते आणि त्याच्या शक्तीवर आत येणाऱ्या हवेचे सरळ नियंत्रण असते. त्यामुळे नळ्यांच्या फेरफारास ते अधिक प्रतिसाद देते. या एंजिनाचा ओळखीचा घोगरा, अडखळता नाद त्याच्या ज्वलनक्रमातून येतो. एकूण आठ ज्वलने ९०° च्या समान अंतराने होत असली, तरी भुजादंडाच्या भुजा परस्परांशी काटकोनात असल्यामुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांतील ज्वलनांची अंतरे २७०°, १८०°, ९०° व १८०° अशी विषम पडतात. प्रत्येक बाजूला स्वतंत्र नळी ठेवल्यास हा विषम ठेका जसाच्या तसा बाहेर येतो. दोन्ही नळ्यांमध्ये इंग्रजी एच् किंवा एक्स अक्षराच्या आकाराची जोडनळी घातल्यास दोन्ही बाजूंचे स्पंद एकमेकांत मिसळतात, ठेका सम होतो, नाद गुळगुळीत व काहीसा उंच होतो आणि जवळजवळ लागोपाठ येणाऱ्या दोन स्पंदांची एकमेकांना होणारी अडचणही कमी होते. आवाज व शक्ती या दोहोंना एकाच फेरफाराचा लाभ होण्याचे हे एक विरळ उदाहरण आहे.

टर्बोचार्जरयुक्त एंजिन : निष्कास वायूंनी टर्बाइन फिरवून तिच्याकरवी सिलिंडरांत जादा हवा भरण्याच्या योजनेचे एकस्व (पेटंट) स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूकी यांनी १९०५ मध्ये मिळविले. आजच्या बहुतेक सर्व जड मालमोटारींत ही योजना असते [⟶ डीझेल एंजिन]. इंधनातील ऊर्जेचा सु. तिसरा हिस्सा निष्कास वायूंबरोबर निघून जातो. त्यातील थोडा भाग टर्बोचार्जर परत कामास लावतो. येथे शाखानळी मुद्दाम आखूड ठेवतात व सहा सिलिंडरांच्या एंजिनात पहिल्या तीन व शेवटच्या तीन सिलिंडरांचे वायू टर्बाइनपर्यंत वेगळे नेतात, कारण ज्वलनक्रमानुसार प्रत्येक गटातील स्पंद समान अंतराने येतात व परस्परांना बाधत नाहीत. टर्बाइनची पाती स्पंदांची तीव्रता खाऊन टाकतात. म्हणून अशा एंजिनाचा आवाज दबका असतो व त्यात टर्बोचार्जरची बारीक शीळ मिसळलेली असते.

टर्बाइनला मिळणारे काम तिच्या अलीकडील व पलीकडील दाबांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. अलीकडे २.५ व पलीकडे १.१ वातावरण दाब असेल, तर गुणोत्तर सु. २.२७ होते, मागची नळी मोकळी करून पलीकडचा दाब १.०५ वर आणल्यास ते २.३८ होते. म्हणजे टर्बोचार्जरच्या मागील नळी मोकळी करण्याचा परिणाम साध्या एंजिनातल्यापेक्षा अधिक होतो. टर्बाइन लवकर वेग घेते व सिलिंडरांत हवा जास्त भरली जाते. पण डीझेल एंजिन मुळातच गरजेपेक्षा जास्त हवेवर चालते. हवा वाढली व इंधन तेवढेच राहिले, तर ज्वलन थोडे स्वच्छ होते, निष्कास वायूंचे तापमान उतरते, इंधनात किंचित बचत होते, एवढेच. शक्तीत मोठी वाढ हवी असल्यास इंधनही वाढवावे लागते. रुंद नळीबरोबर विकल्या जाणाऱ्या शक्तिवाढीपैकी मुख्य वाटा बहुधा नळीचा नसून, तिच्यासोबत बदललेल्या इंधनपुरवठ्याचा असतो आणि त्याची किंमत दट्टे, टर्बोचार्जर व दंतचक्रपेटी यांच्या आयुष्यातून वसूल होते.

रोधनासाठी उपयोग : प्रतिदाब एरवी नकोसा असला, तरी उतारावर तोच उपयोगी पडतो. निष्कास नळीत फिरती चकती बसवून ती मिटल्यास सिलिंडरांतील वायू कोंडतात व एंजिन चाकांना मागे ओढू लागते. घाटातून भरलेली गाडी उतरविताना चाकांचे ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून हा निष्कास ब्रेक वापरतात. याहून प्रभावी युक्ती अमेरिकन अभियंते क्लेसी लायल कमिन्स यांनी शोधली. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील कहोन खिंडीच्या उतारावर त्यांच्या मालमोटारीचे ब्रेक निकामी होऊन ते थोडक्यात बचावले होते. पुढे त्यांनी संपीडन धावेच्या अखेरीस निष्कास झडप क्षणभर उघडून दाबलेली हवा वाया घालविणारी यंत्रणा तयार केली आणि ती जेकब्ज कंपनीने १९६१ पासून विक्रीस आणली. दाबलेली हवा एकदम सुटत असल्यामुळे तिचा आवाज तडतडणारा असतो. ध्वनिशामक सुस्थितीत असल्यास तो सुसह्य राहतो. सरळ नळी लावलेल्या गाडीत मात्र तो मैलभर ऐकू जातो. अमेरिकेतील अनेक गावांच्या वेशीवर एंजिन ब्रेक वापरण्यास मनाई करणारे फलक दिसतात, त्यांचा रोख खरे पाहता ब्रेकपेक्षा अशा फेरफारांवर असावयास हवा.

ध्वनिशामक : एंजिनासाठी ध्वनिशामकाचे एक प्रारंभीचे एकस्व अमेरिकेतील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंनी १८९७ मध्ये मिळविले. सुरुवातीच्या मोटारगाड्यांत ध्वनिशामकाला वळसा घालणारी झडप असे व चढावर चालक पायपट्टीने ती उघडीत. शक्तीच्या मोबदल्यात आवाज सोसण्याची ही सवय तेव्हापासूनची आहे.

ध्वनिशामक दोन तत्त्वांवर काम करतात. परावर्तक प्रकारात नळी एकाएकी मोठ्या कक्षात उघडते व तरंगाचा बराच भाग मागे फिरतो. कक्षाचा व्यास नळीच्या तिप्पट असल्यास अनुकूल कंप्रतेस सु. १३ डेसिबेल घट मिळते. परंतु ज्या कंप्रतेची अर्धी तरंगलांबी कक्षाच्या लांबीएवढी असते, ती मात्र जवळजवळ बिनअडथळा पार होते. म्हणून निरनिराळ्या लांबीचे दोन-तीन कक्ष एकापुढे एक ठेवतात. एखादी ठराविक कंप्रता मारावयाची असल्यास बाजूला शेवट बंद केलेली नळी जोडतात. वायूचे तापमान ३५०° से. असताना १०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ५ मी. असते, तिच्या चौथाईएवढी, म्हणजे १.२५ मी. लांबीची बाजूनळी तो ध्वनी शोषून घेते. दुसऱ्या, शोषक प्रकारात सच्छिद्र नळीभोवती काचतंतू किंवा तत्सम तंतुमय पदार्थ भरतात. वायू सरळ जात असल्याने याचा प्रतिदाब अत्यल्प असतो. पण तो उच्च कंप्रताच चांगल्या शोषतो व नीच कंप्रतेची गुरगुर तशीच राहू देतो. हौसेसाठी विकले जाणारे बहुतेक ध्वनिशामक या प्रकारचे असतात. कालांतराने भरण जळून वा उडून गेली की, त्यांचा आवाज आणखी वाढत जातो.

आवाजातील फरक डेसिबेलांत मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ध्वनिऊर्जा दुप्पट झाली, तरी मापन ३ डेसिबेलांनीच वाढते व कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सु. १० डेसिबेल वाढ लागते. अमेरिकेत १९७८ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींस १५ मी. अंतरावर ८३ डेसिबेल (ए) ही मर्यादा घालण्यात आली व १९८८ पासून ती ८० करण्यात आली. आकड्यांतील हा लहान फरक प्रत्यक्षात ध्वनिऊर्जा निम्मी करणारा होता.

उत्सर्जन-नियंत्रण व त्यातील ढवळाढवळ : आधुनिक डीझेल मालमोटारीत निष्कास नळीचे मुख्य काम आवाज दाबण्याचे राहिलेले नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे जड वाहनांत काजळीचा गाळक व नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे क्षपण करणारा उत्प्रेरक यांचा वापर रूढ झाला. गाळकाच्या सच्छिद्र मृत्तिकी भिंतींत काजळीचे कण अडकतात व ठराविक काळाने सु. ६००° से. तापमानास ते जाळून टाकले जातात. उत्प्रेरकापूर्वी यूरियाचा ३२.५% विद्राव फवारतात. त्यापासून झालेल्या अमोनियाची ऑक्साइडांशी विक्रिया होऊन नायट्रोजन व पाणी बनते. हे दोन्ही कक्ष ध्वनीही बराच शोषतात.

गाळकाने प्रतिदाब वाढतो हे खरे. त्यामुळे तो काढून सरळ नळी घालण्याचा प्रघात विशेषतः अमेरिकेतील डीझेल पिकप गाड्यांत फोफावला. नुसता गाळक काढल्यास नियंत्रक संगणक दोष दाखवून शक्ती मर्यादित करतो. म्हणून त्याची आज्ञावलीही बदलावी लागते व त्याच वेळी इंधन वाढविले जाते. मिळणारी शक्ती मुख्यतः या दुसऱ्या फेरफाराची असते. काही हौशी चालक तर मुद्दाम अधिक इंधन सोडून रस्त्यावर काळा धूर सोडतात. जे जळले नाही त्याने शक्ती वाढत नाही, एवढाही विचार त्यात नसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्यापूर्वीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डीझेल पिकप गाड्यांतील उत्सर्जन-नियंत्रणे काढून टाकण्यात आली होती. ही संख्या अशा गाड्यांच्या सु. १५% होती व त्यांच्या एकूण आयुष्यात नायट्रोजनाची ५,७०,००० टनांहून अधिक जादा ऑक्साइडे हवेत जातील, असे संस्थेने म्हटले. डीझेल निष्कास वायू मानवात कर्करोग उत्पन्न करतात, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच केलेले होते. या धुराचा पहिला वाटेकरी गाडीचा मालक नसून रस्त्याकडेचा पादचारी, टपरीवाला व मागून येणारा दुचाकीस्वार असतो.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२० व्या नियमाने प्रत्येक मोटार वाहनास ध्वनिशामक आवश्यक केला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत. कलम १९०(२) खाली ध्वनी व हवा यांच्या प्रदूषणाच्या मानकांचा भंग शिक्षापात्र असून, २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तसेच तीन महिने अनुज्ञप्तीस अपात्रता अशी तरतूद आहे. उभ्या वाहनाचा आवाज तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ध्वनिग्राहक पुच्छनळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, वायूच्या प्रवाहदिशेशी ४५° कोनात ठेवतात व एंजिनाचा वेग ठराविक पातळीस स्थिर करून मापन घेतात. गाळक काढून त्या जागी पोकळ डबा बसविलेला असेल, तर नुसत्या नजरेने तो ओळखता येत नाही. अशा वेळी नळीच्या तोंडाच्या आतल्या बाजूस बोट फिरवून पाहण्याची जुनीच पद्धत उपयोगी पडते. गाळक शाबूत असलेल्या गाडीची नळी हजारो किलोमीटर धावल्यानंतरही आतून जवळजवळ स्वच्छ असते.